हातानं लिहिल्यासारखा नाजूक फॉन्ट: तो घडतो कसा आणि शोभतो कुठे

एका कोऱ्या कागदावर साध्या पेनानं 'कळकळ' हा शब्द लिहून बघा. त्यात 'क' दोनदा येतो, 'ळ'ही दोनदा. आता दोन्ही 'क' निरखून पाहा. एकाचं पोट जरा फुगलेलं असेल, दुसऱ्याची शेपटी जरा लांब गेली असेल. शब्द संपत आला की हात सैल पडतो, म्हणून शेवटचा 'ळ' बहुधा पहिल्यापेक्षा पसरट उतरतो. मग हाच शब्द हस्ताक्षरासारख्या दिसणाऱ्या एखाद्या साध्या फॉन्टमध्ये टाइप करा. दोन्ही 'क' तंतोतंत एकसारखे. एकावर एक ठेवले तर तसूभर फरक सापडणार नाही.

वाचणाऱ्याला हे जाणवतं. नेमकं काय खटकलं ते त्याला सांगता येणार नाही, पण हे कुणाच्या हातचं नाही एवढं त्याला कळून चुकतं. हस्ताक्षरी फॉन्ट घडवणाऱ्यांची सगळी धडपड या एका अडचणीभोवती फिरते: आकार ठरलेले आणि गोठलेले, तरी त्यात हात फिरल्याचा भास हवा. त्यातही फॉन्ट नाजूक असेल, म्हणजे रेघा बारीक, वळणं लांब, लपेटी हलक्या, तर अडचण दुप्पट होते. जाड अक्षरात लहानसहान उणिवा झाकल्या जातात. बारीक रेघेला लपायला जागा नसते.

हे फॉन्ट मला मनापासून आवडतात आणि ते चुकीच्या जागी वापरलेले पाहिले की वाईट वाटतं. चूक बहुतेक वेळा फॉन्टची नसते. त्याचा स्वभाव माहीत नसतो, एवढंच. तो स्वभाव कुठून आला हे कळलं की कुठे वापरायचा आणि कुठे नाही हे पाठ करावं लागत नाही.

आकारांच्या जोडीला नियम

फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या आकारांचा साठा असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. फॉन्टच्या फाइलमध्ये आकारांच्या जोडीला नियमही असतात. अमुक अक्षरापुढे तमुक आलं तर दोघांतलं अंतर इतकं कमी करा; ही दोन अक्षरं शेजारी आली तर त्यांच्या जागी हा जोडआकार दाखवा. आज सगळीकडे चालते ती ओपनटाइप ही व्यवस्था मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी १९९६ मध्ये जाहीर केली, आणि हस्ताक्षरी फॉन्टचं खरं नशीब तिच्यामुळे उघडलं.

रोमन लिपीचं उदाहरण घेऊ. सलग लिहिताना 'ए' किंवा 'एन' ही छोटी अक्षरं खाली, ओळीच्या पायाशी संपतात. 'ओ', 'बी', 'व्ही' आणि 'डब्ल्यू' मात्र वरच्या अंगाला संपतात. म्हणजे पुढच्या अक्षराला कधी खालून यावं लागतं, कधी वरून. एकाच आकारात हे दोन्ही जमणार नाही. त्यामुळे काळजीनं केलेल्या फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं ठेवलेली असतात आणि शेजारी कोण आहे ते पाहून नियम त्यातलं योग्य रूप निवडतो. शब्दाच्या सुरुवातीला वेगळं रूप, शेवटी लांब शेपटीचं वेगळं रूप, एकाच शब्दात तेच अक्षर पुन्हा आलं तर दुसऱ्या वेळी किंचित निराळं रूप. 'कळकळ'ची अडचण सुटते ती अशी. टाइप करणाऱ्याला यातलं काही करावं लागत नाही, फक्त त्याच्या सॉफ्टवेअरला हे नियम वाचता यावे लागतात.

हर्मन झाफ हे विसाव्या शतकातले थोर अक्षरकार. त्यांच्या सुलेखनावरून बनलेला झाफिनो हा फॉन्ट १९९८ मध्ये आला. त्यात एकेका अक्षराची अनेक रूपं आहेत. मॅक संगणकांसोबत येणाऱ्या आवृत्तीत 'झाफिनो' हे नाव रोमन लिपीत टाइप केलं तर सबंध शब्द एका सलग लपेटीच्या आकारात बदलतो. मॅक हाताशी असेल तर एकदा करून पाहा. शेवटचं अक्षर पडेपर्यंत सुटी अक्षरं दिसतात आणि मग एका क्षणात सगळा शब्द एकमेकांत गुंफला जातो.

टाक, बोरू आणि केसरेघ

आता नाजूकपणाकडे वळू. या फॉन्टमध्ये रेघ कुठे जाड आणि कुठे केसासारखी बारीक असते. हे चित्रकाराच्या लहरीवर चालत नाही. त्यामागे लेखणीची रचना आहे.

बोरूचं टोक सपाट कापलेलं असतं. त्यानं ओढलेल्या रेघेची जाडी दिशेवर ठरते: टोकाच्या रुंदीच्या दिशेनं गेलात तर बारीक, तिला आडवं गेलात तर जाड. दाब कितीही द्या, फारसा फरक पडत नाही. टाकाचं तसं नाही. टाकाच्या टोकदार निबला मधोमध चीर असते. दाब दिला की तिच्या दोन पाकळ्या फाकतात, शाईला वाट मिळते आणि रेघ जाड होते. दाब काढला की पाकळ्या मिटतात आणि रेघ बारीक होते. आता यातली मेख अशी की दाब फक्त खाली येताना देता येतो. वर जाताना दाबलं तर टोक कागदात रुततं, शाई उडते. म्हणून वर जाणारी प्रत्येक रेघ हलक्या हातानंच काढावी लागते आणि ती आपोआप बारीक होते. खाली येताना जाड, वर जाताना बारीक, हा ठेका अक्षरभर चालू राहतो.

फॉन्ट पारखायची एक सोपी खूण यातूनच मिळते. अक्षर मोठं करून बघा आणि बोटानं हवेत गिरवा. जिथे तुमचं बोट वर जातंय तिथे रेघ जाड असेल, तर तो आकार लेखणीची चाल न समजता काढलेला आहे. हजारदा हातानं लिहिलेलं वाचलेल्या डोळ्याला तो खोटेपणा दिसतो.

या टोकदार लेखणीच्या अक्षराला अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मोठा बहर आला. आपल्याकडे जसा कित्ता गिरवतात, तसे तिथेही कित्ते होते, आणि ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात. जॉर्ज बिकम यांनी कोरलेला 'द युनिव्हर्सल पेनमन' हा संग्रह १७३३ ते १७४१ या काळात भागाभागांनी निघाला. यात एक गंमतीची उलटापालट झाली. कोरणीनं तांब्यावर ओढलेली रेघ लेखणीच्या रेघेपेक्षाही बारीक आणि स्वच्छ उमटायची. मग लिहिणारे त्या छापील कित्त्याइतकं बारीक लिहायला धडपडू लागले. हातानं छापाची नक्कल करायची आणि छापानं हाताची, हा खेळ तेव्हापासून चालू आहे. या वळणाचं 'कॉपरप्लेट' हे नाव तांब्याच्या पत्र्यावरूनच पडलं. त्याची अक्षरं ओळीशी सुमारे ५५ अंशांचा कोन करून कललेली असतात. पुढे अमेरिकेत प्लॅट रॉजर्स स्पेन्सर यांनी रुजवलेल्या वळणात तो कोन ५२ अंशांचा आहे. नाजूक फॉन्ट इतके कललेले का दिसतात याचं उत्तर या आकड्यांत आहे.

पत्र्यावर कोरणं सोपं होतं, खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवणं नव्हे. शिशाच्या छपाईत प्रत्येक अक्षर एका चौकोनी ठोकळ्यावर उभं असतं. कललेल्या अक्षराची शेपटी ठोकळ्याबाहेर लोंबते आणि तुटते. दोन अक्षरं जोडलेली दिसायला हवीत तिथे ठोकळ्यांमधली फट दिसते. रॉबेर ग्रँजाँ यांनी १५५७ मध्ये फ्रेंच हस्ताक्षरावरून खिळे पाडले होते, म्हणजे इच्छा किती जुनी आहे ते पाहा. १९५३ मध्ये रोझे एक्सकोफाँ यांनी आपल्या स्वतःच्या अक्षरावरून 'मिस्त्राल' काढला. अक्षरं शिशाच्या ठोकळ्यांवर असूनही सलग जोडलेली वाटावीत म्हणून त्यांनी अक्षरांचे सांधे फार हुशारीनं बसवले. मग फोटोटाइपसेटिंग, म्हणजे प्रकाशानं फिल्मवर अक्षरं उमटवायची पद्धत, आलं, ठोकळाच गेला आणि अक्षरं एकमेकांवर सरकायला मोकळी झाली. १९६० च्या दशकात मॅथ्यू कार्टर यांनी चार्ल्स स्नेल या जुन्या लेखनगुरूच्या वळणावरून 'स्नेल राउंडहँड' केला तो याच मोकळिकीचा फायदा घेऊन. आज तो कित्येक संगणकांवर आयताच मिळतो.

सगळे नाजूक फॉन्ट टाकाचे नसतात. काहींत रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची, बॉलपेनसारखी बारीक असते. त्यांचा स्वभाव वेगळा. टाकाचं अक्षर समारंभाचे कपडे घालून येतं, बॉलपेनचं अक्षर घरातल्या चिठ्ठीसारखं बोलतं. निवडताना आधी हे ठरवा; मग अर्ध्याअधिक फॉन्ट आपोआप बाजूला पडतात.

देवनागरीचा निराळा हिशेब

रोमनमध्ये अक्षरं एकमेकांना जोडायची कशी हा मोठा प्रश्न. देवनागरीत तो शिरोरेषेनं आधीच सोडवलेला आहे. पण त्याबदल्यात इतर प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न संख्येचा. रोमनची लहान-मोठी मिळून ५२ अक्षरं. देवनागरीत मूळ अक्षरं, काना-मात्रा-वेलांट्या, रफार, आणि त्यावर जोडाक्षरं. एकूण आकार सहज काही शेकड्यांत जातात. हस्ताक्षराचा भास हवा म्हणून प्रत्येकाची दोन-तीन रूपं करायची म्हटली तर काम किती वाढतं ते सांगायला नको. रोमनमध्ये नाजूक हस्ताक्षरी फॉन्टची रेलचेल आणि देवनागरीत चणचण, याचं मोठं कारण हेच.

दुसरा प्रश्न वळणाचा. देवनागरीचं वळण बोरूवर घडलं आणि तो बोरू रोमनच्या लेखणीच्या उलट बाजूनं छाटलेला असतो. त्यामुळे जाड-बारीकपणाची जागा दोन्ही लिप्यांत वेगळी. रोमन फॉन्टवरची टाकाची जाड-बारीक लय जशीच्या तशी उचलून देवनागरीवर बसवली की अक्षर परक्या कपड्यांत आल्यासारखं अवघडतं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो वाचण्याचा आहे. घाईनं लिहिताना आपण शिरोरेषा गाळतो. तोच मोकळेपणा आणण्यासाठी काही फॉन्टमध्येही ती तोडलेली किंवा पार काढून टाकलेली असते. दिसायला छान दिसतं. पण 'भ' आणि 'म' यांत फरक कशानं पडतो? 'भ'ची रेष डावीकडे मोकळी असते आणि तिथे वळण असतं. 'म'ची सलग असते. 'ध' आणि 'घ' यांचंही तेच. रेषा गेली की सगळा भार त्या इवल्याशा वळणावर येतो, आणि बारीक रेघेत, लहान आकारात ते वळण पुसलं जातं. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ फिकी पडली की उरतो 'व'. 'ख' जरा सैल काढला की होतो 'रव'. म्हणून असा फॉन्ट घेण्याआधी 'भरभर', 'मधमाशी', 'घरधनी', 'बावळा', 'रवा' आणि 'खवा' हे शब्द त्यात टाइप करून बघा. दोन मिनिटांत त्याची पारख होते.

इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' हा २०१४ चा फॉन्ट या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांनी त्यात देवनागरी आणि रोमन एकत्र घडवली. बॉलपेननं किंवा बारीक फेल्टपेननं रोजचं लिहावं तसं त्याचं वळण आहे, आणि तो लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशा तीन जाड्यांत मिळतो. तो टाकाइतका नाजूक नाही. पण मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच हातानं लिहिल्यासारखा दिसायला हवा असेल तर ही एकत्र घडण कामाला येते. दोन वेगळ्या फॉन्टचं लग्न लावताना जी ओढाताण होते ती इथे होत नाही.

जाता जाता एक. सलग, हात न उचलता लिहिण्यासाठी घडलेली मोडी लिपी आपल्याकडे आहेच, आणि २०१४ मध्ये तिला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या जागतिक व्यवस्थेत, जागा मिळाली. लपेट कशी असावी, एका अक्षरातून दुसऱ्यात हात कसा सरकावा हे मोडीच्या कागदांत इतकं स्पष्ट दिसतं की मराठीत नाजूक हस्ताक्षरी फॉन्ट घडवू पाहणाऱ्यानं आधी ते कागद बघावेत असं मला वाटतं.

रेघ किती बारीक? थोडं गणित

फॉन्ट रेखाटताना अक्षर ज्या चौकटीत बसवतात तिच्या उंचीचे बहुधा १००० भाग करतात. नाजूक फॉन्टमधली केसरेघ यातल्या २० भागांची आहे असं धरू. हा फॉन्ट १२ पॉइंटात छापला तर रेघेची जाडी होते ०.२४ पॉइंट, म्हणजे साधारण ०.०८५ मिलिमीटर. माणसाच्या डोक्यावरचा केस याच घरात येतो, तेव्हा केसरेघ हे नाव शब्दशः खरं आहे. छपाईत पाव पॉइंटाखालची रेघ भरवशाची धरत नाहीत. म्हणजे आपण अगदी काठावर आहोत.

पडद्यावर काय होतं? वेबसाइटवरचा साधा मजकूर बहुधा १६ पिक्सेलचा असतो. त्यात २० भागांची रेघ येते ०.३२ पिक्सेलची. साध्या मॉनिटरवर पिक्सेल म्हणजे पडद्याचा सगळ्यांत लहान ठिपका, त्याचा तिसरा हिस्सा रंगवता येत नाही. मग संगणक तडजोड करतो: सबंध ठिपका रंगवतो, पण एक तृतीयांश जोरानं. काळी रेघ फिकट राखाडी होते. तुम्ही रंग निवडलात काळा, पांढऱ्यावर काळ्याचं कॉन्ट्रास्टचं गुणोत्तर २१:१, पण त्या केसरेघेपुरतं हे गुणोत्तर उतरून सव्वादोनच्या आसपास येतं. सगळ्यांना वाचता यावं म्हणून वेबसाइटसाठी जे डब्ल्यूसीएजी निकष पाळले जातात, त्यात साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ गुणोत्तर सांगितलं आहे. तपासणीचं साधन तुम्ही निवडलेला रंग बघून 'पास' म्हणतं, वाचणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत मात्र निम्म्याहून कमी पोचतं.

हाच फॉन्ट ४८ पिक्सेलला लावा: रेघ ०.९६ पिक्सेलची होते, जवळजवळ एक पूर्ण ठिपका, आणि रेघ काळी दिसू लागते. चांगल्या फोनच्या पडद्यावर वेबसाइटच्या मापातल्या एका पिक्सेलच्या रुंदीत पडद्याचे तीन ठिपके मावतात, म्हणून तिथे १६ पिक्सेललाही अक्षर सुबक दिसतं. फोनवर बघून 'किती छान' म्हणायचं आणि ऑफिसच्या जुन्या मॉनिटरवर तेच अक्षर विरून गेलेलं सापडायचं, ते यामुळे.

शिवाय अशा रोमन फॉन्टमध्ये लहान अक्षरांचं अंग मुळातच छोटं असतं. उंची सगळी वर-खाली पसरलेल्या लपेटींनी खाल्लेली असते. त्यामुळे साध्या फॉन्टच्या १२ पॉइंटाशी बरोबरी करायची तर हा २४ पॉइंटाला नेऊनही कधीकधी कमी पडतो. आकार नेहमी डोळ्यानं ठरवा, आकड्यानं नको.

माझा एक अनुभव सांगते. एका काव्यवाचनाच्या निमंत्रणपत्रिका करत होते. गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढरं, टाकाच्या वळणाचं नाजूक अक्षर. पडद्यावर ते चांदण्यासारखं दिसत होतं. छापून आलं तेव्हा कवयित्रीच्या नावातल्या वर जाणाऱ्या सगळ्या रेघा गायब, फक्त जाड उभे तुकडे उरलेले. निळी पार्श्वभूमी चार शायांनी बनते आणि पांढरं अक्षर म्हणजे तिथे उघडा राहिलेला कागद. शाई कागदावर थोडी पसरतेच. दोन्ही बाजूंनी मिलिमीटरचा पन्नासावा भाग जरी ती आत सरकली, तरी ०.०८५ मिलिमीटरच्या रेघेतली जवळजवळ निम्मी बुजते. त्यात चार शाया एकमेकींवर अचूक बसल्या नाहीत तर उरलेलीही जाते. दुसऱ्या वेळी फिक्या कागदावर एकाच गडद शाईत तेच अक्षर छापलं आणि ते पूर्ण उमटलं. गडदावर पांढरं हवंच असेल तर फॉन्ट एक पायरी जाड घ्या, आणि चार शायांच्या मिश्रणातून बारीक अक्षर काढू नका. सोनेरी-चंदेरी फॉइल, भरतकाम, लाकडावरचं कोरीवकाम यांत तर प्रत्येक साधनाची स्वतःची किमान जाडी असते. ती आधी विचारून घ्यावी.

शोभतो कुठे

असा फॉन्ट वाचणाऱ्याला काय सांगतो? कुणीतरी वेळ काढून, हात जपून हे तुमच्यासाठी लिहिलं, असं. म्हणून तो निमंत्रणावरच्या नावांना शोभतो, प्रशस्तिपत्रावर ज्याचा गौरव त्याच्या नावाला शोभतो, कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठाला, अत्तराच्या कुपीला, छायाचित्राच्या कोपऱ्यातल्या सहीला, पत्राच्या शेवटच्या 'आपली' नंतरच्या जागेला. या सगळ्यांत सामाईक काय? शब्द थोडे, जागा भरपूर, आणि वाचणाऱ्याला घाई नाही.

उलट पत्ता, वेळ, फोन नंबर, औषध घेण्याची सूचना, फॉर्मवरच्या रकान्यांची नावं, धोक्याचा इशारा, यांना तो देऊ नका. तिथे वाचणारा मजकूर शोधत असतो, अनुभवत नसतो. पत्रिकेवर नावं नाजूक अक्षरात आणि तारीख, वेळ, ठिकाण साध्या स्वच्छ अक्षरात, ही जुनी पद्धत आजही सर्वांत चांगली आहे. जोडीला घ्यायचा फॉन्ट शांत असावा. दोन हस्ताक्षरी फॉन्ट शेजारी ठेवले की दोन माणसं एकाच वेळी गात असल्यासारखं होतं.

वापरताना काही गोष्टी हमखास बिघडतात. रोमनची सगळी मोठी अक्षरं टाइप करणं ही पहिली. या फॉन्टमधलं प्रत्येक मोठं अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एकटं मिरवण्यासाठी काढलेलं असतं. अशी आठ अक्षरं ओळीनं उभी केली की लपेटींची गुंतवळ होते आणि शब्द वाचता येत नाही. दुसरी, अक्षरांतलं अंतर वाढवणं. सलग जोडलेली अक्षरं त्यानं सुटतात, सांधे उघडे पडतात, आणि देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे होतात. तिसरी, फॉन्टमध्ये जाड रूप नसताना 'बोल्ड' दाबणं. मग सॉफ्टवेअर आहे त्याच आकाराला सगळीकडून सारखंच फुगवतं आणि जाड-बारीकचा ठेका, म्हणजे या फॉन्टचा प्राणच, मरतो. आणि लांब शेपटी चौकटीबाहेर जाऊन कापली जाणं, हे बटणांवर आणि चित्रांत फार होतं. शब्दाच्या मागेपुढे एक मोकळी जागा टाकली की बहुतेकदा सुटतं.

रोमनमधला एक सापळा जुन्या लेखनिकांनाही छळायचा. इंग्रजी 'मिनिमम' हा शब्द घ्या: सात अक्षरं, आणि ती सगळी मिळून पंधरा छोटे उभे फटकारे. सलग लिहिले की कोणता फटकारा कोणत्या अक्षराचा ते कळेना. 'आय'वर खूण करायची पद्धत मध्ययुगात याच गोंधळातून आली, आणि आजचा टिंब तिचाच वारस. तुमच्या मजकुरात असे फटकाऱ्यांचे शब्द असतील तर टिंब नीट दिसणारा फॉन्ट निवडा.

घेण्याआधी

फॉन्ट फुकट मिळाला म्हणजे कुठेही वापरायला मोकळा, असं नसतं. 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलेलं असेल तर विकायच्या वस्तूवर तो चालत नाही. छापील कामाचा, वेबसाइटचा आणि अ‍ॅपचा परवाना बरेचदा वेगवेगळा असतो. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आलेले फॉन्ट व्यवसायातही वापरता येतात. नुसती फॉन्टची फाइल मात्र विकता येत नाही. परवान्याची फाइल फॉन्टसोबतच येते. ती वाचा.

समाजमाध्यमांवर नाव लपेटीदार अक्षरात लिहून देणारी साधनं असतात. ती फॉन्ट देतच नाहीत. युनिकोडमध्ये गणितासाठी म्हणून ठेवलेली वेगळी चिन्हं ती तुमच्या अक्षरांच्या जागी ठेवतात. न दिसणाऱ्या व्यक्तीसाठी मजकूर वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर त्यावर अडखळतं, एकेका चिन्हाचं लांबलचक नाव उच्चारतं किंवा ती गाळूनच पुढे जातं. नाव तरी सगळ्यांना ऐकू यावं.

काही फॉन्टमध्ये लपेटीची जादा रूपं खासगी वापराच्या कोडांवर ठेवलेली असतात आणि ती तक्त्यातून उचलून चिकटवायची असतात. छपाईला ते ठीक. वेबसाइटवर मात्र तो शब्द शोधात सापडत नाही, आणि फॉन्ट लोड झाला नाही तर तिथे रिकामे चौकोन दिसतात. हेच परदेशी नावांतल्या स्वरचिन्हांचं. फॉन्टमध्ये ते अक्षर नसलं की त्या जागी दुसऱ्याच फॉन्टचं येऊन बसतं आणि नाजूक ओळीत एक जाड अनोळखी अक्षर उभं राहतं.

म्हणून फॉन्ट विकणाऱ्यानं दाखवलेल्या नमुन्यावर जाऊ नका. तो त्या फॉन्टच्या सर्वांत सुंदर अक्षरांचा निवडलेला असतो. तुमचाच मजकूर टाइप करा. तो ज्या आकारात छापायचा आहे त्याच आकारात, त्याच कागदावर छापा आणि हातभर अंतरावर धरा. मग ज्याला ते नाव माहीत नाही अशा कुणाला तरी मोठ्यानं वाचायला सांगा. तुम्हाला ते नाव आधीच ठाऊक आहे, त्यामुळे तुमचा डोळा तुटलेल्या रेघा मनातल्या मनात पूर्ण करत असतो. त्याचा डोळा तसं करणार नाही. रोमन 'सी' आणि 'एल' चिकटून 'डी' झाले असतील तर तो 'डी'च वाचेल. तो जिथे थांबला, तेवढ्या एका अक्षराचं साधं रूप फॉन्टच्या पर्यायांतून निवडा आणि पुन्हा छापा. बाकीच्या लपेटी आहेत तशा राहू द्या.